रमोन्सची कॅसेट आणि मे महिन्यातलं नागपूर

मे महिन्यात नागपूरला कोण जातं? मी गेलो. दोस्ताचा फोन आला होता, धरमपेठेतलं घर आता पाडायला देऊन राहिलो, माळा आवरताना आपली रमोन्सची कॅसेट सापडली, काय करू? म्हटलं हात नको लावू बे, येतो. तत्काळमधे तिकीट काढलं आणि ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेस पकडली.

झोप येईना म्हणून मोबाईलवर रमोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडची पहिली रेकॉर्ड लावली, 1976 ची, 14 गाणी, सगळी मिळून 29 मिनिटं. आणि इयरफोनमधे पहिल्यांदा लक्षात आलं की एका कानात गिटार आहे आणि दुसऱ्या कानात बास! इतकी वर्षं ही गाणी तोंडपाठ आणि हे माहीतच नव्हतं, कारण आमच्या कॅसेटमधे सगळं एकात एक मिसळलेलं होतं, शिवाय वरून कूलर.

कूलरचं असं झालं. 1996 चा मे, आम्ही बारावी नुकतीच दिलेली. दोस्ताचा अमेरिकेतला मामेभाऊ दोन दिवसांसाठी आला होता, ओरिजिनल कॅसेट त्याच्या आणि त्या त्याला परत हव्या होत्या. डबल डेक कोणाकडेच नव्हता, म्हणून दोन टेप समोरासमोर ठेवले, एकात प्ले दुसऱ्यात रेकॉर्ड, दारं बंद. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, पहिली रेकॉर्ड त्यात बरोब्बर बसली, आणि दुसऱ्या बाजूला 1977 ची लीव्ह होम, तीही 14 गाण्यांची, जेमतेम 30 मिनिटांची, जशी काही आमच्यासाठीच मोजून बनवली. फक्त बाहेर पारा 45 ला टेकलेला, कूलर बंद केला तर खोलीत बसणं शक्य नाही, मग तो चालूच राहिला. पंख्याची घरघर, वाळ्यावर पडणारं पाणी, सगळं रेकॉर्ड झालं. मधे एकदा काकूंचा आवाजही आहे, "काय धिंगाणा करून राहिले रे पोट्टेहो!"

काय बँड होता तो! न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधली चार पोरं, 1974 मधे एकत्र आली, एकमेकांची कोणी नात्यातली नाहीत तरी सगळ्यांनी आडनाव एकच घेतलं, रमोन. आम्हीही चौघं होतो, आम्हीही वह्यांच्या मागच्या पानावर आपापल्या नावापुढे रमोन लिहायचो. जॉनी गिटारवर हात वरून खालीच मारायचा, तसं वाजवता वाजवता दोस्ताची बोटं सोलून निघायची तरी तो थांबायचा नाही. इंजिनिअरिंगला जा नाहीतर मेडिकलला, याच्यापलीकडे कोणी काही बोलत नव्हतं तेव्हा, आणि ही माणसं दोन मिनिटांत गाणं संपवून पुढच्या गाण्याला लागायची, कोणाची परवानगी न घेता. मला आजही ते तितकंच खरं वाटतं.

आम्ही ती कॅसेट भरली त्याच वर्षी, 1996 मधे, 6 ऑगस्टला लॉस एंजेलिसमधे त्यांनी शेवटचा शो केला. आम्हाला पत्ताच नाही, आम्ही तर नुकते सुरू झालो होतो. मग 2001 मधे जोई गेला, 2002 मधे डी डी, 2004 मधे जॉनी, 2014 मधे टॉमी. पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर विटांच्या भिंतीला टेकून उभे असलेले चौघंही गेले.

सकाळी उतरलो, स्टेशनवरूनच मेट्रो घेतली, शंकर नगरला उतरून आधी तर्री पोहे. तिथून दोस्ताचं घर चालत, पण तेवढ्यातच डोकं तापलं.

"काहून बे, पायी आला?" म्हणत त्याने आधी पाणी दिलं. मग कॅसेट. टेपच्या पट्टीमागचा स्पंजचा बारका तुकडा गळून पडला होता, त्याशिवाय आवाज नीट येत नाही, तर त्याने जुन्या भजनाच्या कॅसेटमधला चिमट्याने काढून फेविक्विकने चिकटवला, आणि दोघं वाळायची वाट पाहत गप्प बसलो.

प्ले दाबलं. नुसती घरघर. कॅसेटमधली की खोलीतली कळेना, इथला कूलरही जोरात चालू होता. दोस्त उठला, कूलरचं बटण बंद केलं. पाती हळूहळू थांबली.

घरघर चालूच होती, आणि त्यातून ड्रम सुरू झाले.