पहिल्या डाउनवर काय केलं ते आधी सांगा, मग क्वार्टरबॅकला बोला

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला एक वाद दर शनिवारी नव्याने पेटतो. टीम हरली, किंवा जिंकूनही जेमतेम दहा-बारा गुणांवर थांबली, की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, प्ले (म्हणजे प्रत्येक चाल) ठरवणारा कोच भित्रा आहे. दुसरा म्हणतो, कोचने करायचं तरी काय, क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, चेंडू नीट फेकताच येत नाही. या वादाचं सगळ्यात शुद्ध उदाहरण म्हणजे आयोवा विद्यापीठाची टीम, हॉकआइज, आणि तिचे २०२२ व २०२३ चे दोन हंगाम. (आयोवा सिटी हे गाव मराठी साहित्याच्या वाचकांना तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमामुळे ठाऊक असतं. गावातल्या लोकांसाठी मात्र शनिवारचा देव किनिक स्टेडियममध्ये असतो.)

आधी आकडे. २०२३ मध्ये आयोवाने १४ सामन्यांत २१६ गुण केले, म्हणजे सामन्याला १५.४. यार्ड मिळवण्यात सर्वोच्च विभागातल्या १३३ टीममध्ये ती शेवटची होती. आणि तरीही ती १० सामने जिंकली आणि बिग टेन या आपल्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. तिथे मिशिगनने २६-० ने हरवलं, त्यानंतर सिट्रस बोल या हंगामअखेरच्या सामन्यात टेनेसीने ३५-० ने. या सगळ्याच्या आधी, फेब्रुवारी २०२३ मध्येच, हल्ल्याचा समन्वयक, म्हणजे हल्ल्याचे प्ले ठरवणारा कोच, ब्रायन फेरेंट्झ याच्या करारात एक कलम घातलं गेलं होतं: सामन्याला सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. बारा नियमित आणि एक बोल अशा तेरा सामन्यांचे ३२५ गुण होतात, म्हणून चाहते प्रत्येक सामन्यानंतर ३२५ मधून वजाबाकी करत बसायचे. ब्रायन हा मुख्य कोच कर्क फेरेंट्झ यांचा मुलगा, त्यामुळे वादाला घरगुती धारही होती. आठ सामन्यांनंतर सरासरी १९.५ होती, आणि ऑक्टोबरअखेर विद्यापीठाने जाहीर केलं की हंगाम संपल्यावर तो परतणार नाही.

माझं म्हणणं असं की दोन्ही तट चुकीच्या जागी बोट ठेवतात. प्रश्न कोच भित्रा की क्वार्टरबॅक कच्चा हा नाही. क्वार्टरबॅक कच्चा असेल तर त्याला सांभाळायचं कसं, हा आहे. आयोवाने त्याला ज्या पद्धतीने सांभाळलं, तीच पद्धत त्याला सगळ्यात अवघड जागी नेऊन उभी करत होती.

ते कसं, हे समजायला डाउनचा हिशेब हवा. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड काढायचे. काढले की पुन्हा चार. चौथ्या डाउनवर बहुतेक वेळा पंट करून चेंडू लांब पाठवतात, म्हणून प्रत्यक्षात हातात तीनच असतात. आता पहिल्या डाउनवर मधून धाव काढली, दोन यार्ड मिळाले. दुसऱ्या डाउनवर "चूक नको" म्हणून पुन्हा धाव, आणखी दोन. तिसरा डाउन, सहा यार्ड बाकी. इथे पास फेकणारच हे स्टेडियममधल्या शेंगदाणेवाल्यालाही कळतं. बचाव एक लाइनबॅकर (मधल्या फळीचा बचावपटू) काढून पाचवा पासरक्षक आणतो, पुढचे चौघे धावेची काळजी न करता थेट क्वार्टरबॅकवर धावतात, मागे कोण कुणावर पहारा देणार ते, म्हणजे कव्हरेज, लपवून ठेवतात. कॉलेजमध्ये तिसऱ्या डाउनवर सात किंवा जास्त यार्ड हवे असले तर साधारण चारांतून एकदा जमतं. एक-दोन यार्ड हवे असले तर तिनांतून दोनदा. म्हणजे पहिल्या दोन डाउनवर "जोखीम टाळली" म्हणताना सगळी जोखीम तिसऱ्यावर ढकलली, आणि ती पेलायला पुढे केला तो टीममधला सगळ्यात डळमळीत माणूस.

चाहत्यांना यश मोजायचं असेल तर नुसते यार्ड बघून भागत नाही. सर्वसाधारण माप असं: पहिल्या डाउनवर हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले तर तो प्ले यशस्वी, दुसऱ्यावर ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर सगळे. या मापाने पहिल्या डाउनवरची चार यार्डांची धाव अपयशी ठरते, टीव्हीवर ती कितीही दमदार दिसो.

विस्कॉन्सिनमधला १४ ऑक्टोबर २०२३ चा सामना बघा. आयोवा १५-६ ने जिंकली. क्वार्टरबॅक डीकन हिलने १४ पैकी ६ पास जमवले, ३७ यार्ड. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) लेशॉन विल्यम्सची ८२ यार्डांची एक धाव, बाकी बचाव आणि पंट. अशा सामन्यानंतर "पद्धत चालते" म्हणणाऱ्यांचा आवाज चढतो, आणि त्यात तथ्यही आहे. बचावाचे समन्वयक फिल पार्कर यांचा बचाव त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तमांत होता, त्यांना त्या हंगामाचा ब्रॉयल्स पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम सहायक कोचचा मान, मिळाला. पंटर टोरी टेलरने हंगामात ४,४७९ यार्डांचे पंट मारले, तो राष्ट्रीय विक्रम. असा पंटर असेल तर चौथ्या डाउनवर चेंडू सोडणं तितकं महाग पडत नाही. प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या १० यार्डांच्या आत सुरुवात करावी लागली, तर त्या ताब्याची गुणांत किंमत जवळपास शून्यावर येते, कधी त्याहून खाली. सप्टेंबर २०२२ मध्ये साउथ डाकोटा स्टेटविरुद्ध आयोवाने ७-३ ने सामना जिंकला तो असाच: एक फील्ड गोल (खांबांमधून लाथेने, ३ गुण) आणि दोन सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलक्षेत्रात अडवून मिळणारे २-२ गुण), टचडाउन (चेंडू गोलक्षेत्रात नेऊन मिळणारे ६ गुण) एकही नाही. त्या दिवशी क्वार्टरबॅक स्पेन्सर पेट्रासने २५ पैकी ११ पास जमवले होते, १०९ यार्ड आणि एक इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास.

पण या हिशेबाला मर्यादा आहे, आणि ती कमी गुणांमध्येच दडलेली आहे. १० गुणांवर खेळणारी टीम प्रत्येक सामना एका झेलावर किंवा एका शिटीवर लावते. २०२३ च्या नोव्हेंबरमधले विजय १०-७, २२-०, १५-१३, १३-१० असे. त्याआधी मिनेसोटाविरुद्ध १२-१० ने हार, ज्यात आयोवाच्या कूपर डिजीनने पंट परत पळवून केलेला टचडाउन पंचांनी रद्द केला, कारण चेंडू घेण्याआधी त्याने हात हलवून थांबण्याची खूण केली असं त्यांनी ठरवलं. त्या निर्णयावर चाहत्यांनी आठवडाभर वाद घातला. मला त्यात बोलायचं ते एवढंच, की हल्ल्याने दुसऱ्या अर्धात एक साधा फील्ड गोल काढला असता तर निकाल त्या शिटीवर अवलंबून राहिला नसता. २०२३ पासून पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटं सोडली तर. म्हणजे सामन्यातले प्लेही कमी झाले. संथ खेळणाऱ्या टीमला चूक भरून काढायला मिळणारे ताबे आणखी घटले.

आता क्वार्टरबॅककडे. "त्याला फेकता येत नाही" हे फार ढोबळ बोलणं आहे. काय येत नाही ते बघायला हवं. चेंडू सतत उंच जात असेल तर बहुतेक वेळा वजन मागच्या पायावर राहिलेलं असतं, पुढचा खांदा वर उचललेला असतो, आणि याचं मूळ हातात नसून समोरच्या गर्दीच्या भीतीत असतं. चेंडू रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) मागे पडत असेल तर तो उशिरा सुटतोय: डोळ्यांना जागा दिसली, मग पाय वळले, मग हात सुटला, तोवर जागा बुजली. पहिल्याच रिसीव्हरकडे टक लावून पाहत असेल तर सेफ्टी (इथे सगळ्यात मागचा बचावपटू) त्याचे डोळे वाचून आधीच तिकडे निघतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. २०२३ मध्ये हिलची पासची टक्केवारी ५० च्या खाली होती, टचडाउन ५ आणि इंटरसेप्शन ८. सुरुवातीचा क्वार्टरबॅक केड मॅकनमारा जखमी झाल्यावर तो मध्येच उभा राहिलेला, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पहिले दोन्ही टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभे राहून पासही झेलणारे) जायबंदी. कच्च्या क्वार्टरबॅकचा सगळ्यात जवळचा आधार म्हणजे टाइट एंड. तो गेला की छोटा, सुरक्षित पासही लांब वाटायला लागतो.

"बदला त्याला" म्हणणाऱ्यांनी सरावाचं गणित लक्षात घ्यावं. आठवड्याच्या सरावात पहिल्या फळीबरोबरचे बहुतेक प्ले सुरुवातीच्या क्वार्टरबॅकला मिळतात. राखीव खेळाडूला त्या रिसीव्हरांबरोबर वेळ जुळवायला संधीच मिळत नाही. म्हणून सामन्याच्या मध्यात बदल केला की पहिले दोन ताबे बहुधा वाया जातात. बदलायचंच तर सोमवारी बदला, म्हणजे आठवडा हाताशी राहतो.

आता एक गोष्ट जरा जवळून बघू, कारण वादात ती कधीच येत नाही: हॅश मार्क. प्ले जिथे संपला तिथून पुढचा सुरू होतो, पण चेंडू कडेला असेल तर तो हॅशवर आणून ठेवतात. कॉलेजमध्ये हे दोन हॅश एकमेकांपासून ४० फूट लांब असतात, व्यावसायिक एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. मैदानाची रुंदी १६० फूट. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असला तर डावी कड २० यार्डांवर आणि उजवी ३३ यार्डांवर. आता दहा यार्ड पुढे जाऊन कडेकडे वळणारा आउट रूट घ्या. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा. जवळच्या कडेला फेकला तर चेंडू हवेत साधारण २५ यार्ड जातो. लांबच्या कडेला तोच रूट फेकला तर ३५. मिळकत दोन्हीकडे दहाच यार्ड. पण ते जास्तीचे दहा यार्ड चेंडू हवेत असताना कॉर्नरबॅकला (कडेच्या पासरक्षकाला) झेप घ्यायला पुरतात, आणि तिथला इंटरसेप्शन थेट टचडाउन होतो, कारण पुढे कुणी नसतं. ज्याचा हात उशिरा सुटतो त्याला लांबच्या कडेचा आउट देणं हा प्ले ठरवणाऱ्याचा दोष. जवळच्या कडेचाही जमला नाही तर मात्र क्वार्टरबॅकचा.

मग सांभाळायचं कसं? पहिल्या डाउनवर, जेव्हा बचावाला धावेचीच अपेक्षा असते, तेव्हा सोपा पास द्यायचा. आयोवाची मूळ धाव म्हणजे आउटसाइड झोन: वाट अडवणारी पुढची अख्खी लाइन एका बाजूला सरकते आणि रनिंग बॅक फट बघून घुसतो. तिची सख्खी जोडीदार म्हणजे बूटलेग. लाइन उजवीकडे सरकते, क्वार्टरबॅक चेंडू दिल्याचा आव आणतो, बचावाकडे पाठ करतो आणि डावीकडे वळून निघतो. आता त्याला अर्धंच मैदान वाचायचं असतं आणि तीन अंतरांवर तीन माणसं दिसतात: दोन-तीन यार्डांवर कडेकडे जाणारा टाइट एंड, दहा-बारा यार्डांवर मैदान ओलांडत येणारा रिसीव्हर, आणि अठरा-वीस यार्डांवर खोल जाणारा. नियम सरळ: जवळचा मोकळा असेल तर लगेच दे, नसेल तर मधला, कुणीच नसेल तर पळ किंवा बाहेर फेक. दोन ठिकाणी हा प्ले बिघडतो. बचावाचा मागच्या कडेचा एंड, म्हणजे लाइन जिथून सरकली त्या बाजूचा, फसला नाही तर क्वार्टरबॅक वळताक्षणी तो समोर उभा असतो, आणि तेव्हा वाट न बघता जवळच्या टाइट एंडला चेंडू द्यावा लागतो. दुसरं, उजव्या हाताचा खेळाडू डावीकडे पळत असेल तर फेकण्याआधी त्याचे खांदे वळले पाहिजेत. ते न वळता फेकलं तर चेंडू मागे पडतो. म्हणून कच्च्या हाताला आधी उजवीकडचा बूटलेग द्यावा.

"धाव चालत नाही तर आव कोण मानणार" हा नेहमीचा आक्षेप. लाइनबॅकरची पहिली दोन पावलं लाइनच्या हालचालीवर पडतात, गुणफलकावरच्या धावेच्या सरासरीवर नव्हे. त्यामुळे धाव थंड असली तरी प्ले ॲक्शन, म्हणजे धावेचा आव आणून फेकलेला पास, चालतं. मात्र ते पहिल्या डाउनवर, दुसऱ्यावर थोडे यार्ड बाकी असताना. तिसऱ्यावर नऊ बाकी असताना आव आणणं म्हणजे पाऊण सेकंद फुकट घालवणं.

याची पडताळणी नंतर मैदानातच झाली. २०२४ मध्ये टिम लेस्टर समन्वयक झाले. ते त्याआधी एक वर्ष ग्रीन बे पॅकर्सकडे विश्लेषक होते. मुख्य कोच तेच, आउटसाइड झोन तीच, पासची यार्ड तेव्हाही देशात तळाला आणि क्वार्टरबॅक हंगामात बदलावा लागलाच. पण स्नॅपआधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, खेळाडू हलू लागले, बचावाला शेवटच्या क्षणी जागा बदलाव्या लागल्या, आणि केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड आणि धावेवरचे २१ टचडाउन काढले. १३ सामन्यांत ३६० गुण, सरासरी २७.७. करारातला ३२५ चा आकडा ३५ गुणांनी ओलांडला गेला, तोही क्वार्टरबॅकचा प्रश्न न सुटता.

पुढच्या शनिवारी कागद घेऊन बसा. प्रत्येक पहिल्या डाउनला धाव की पास, किती यार्ड, आणि त्यानंतर तिसऱ्या डाउनला किती बाकी राहिले, एवढंच लिहा. चेंडू कुठल्या हॅशवर होता तेही. मध्यंतरापर्यंत बारा-पंधरा ओळी होतील.