मुलींची बाजी, मुलग्यांची हुशारी आणि हलकं काम

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल: 'यंदाही मुलींचीच बाजी'. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे माझं लक्ष मथळ्याखालच्या आकड्यांकडे आधी जातं. 2024 साली कर्नाटकात दहावीला मुली 81.11 टक्के पास झाल्या, मुलगे 65.90 टक्के. फरक मोठा आहे आणि तो सांगायलाच हवा. पण 'बाजी' म्हटलं की डाव आला, दोन पक्ष आले, कुणीतरी हरलं. एका घरातली बहीण-भाऊ एकाच परीक्षेला बसली होती, एकमेकांविरुद्ध खेळत नव्हती.

तेच आकडे दुसऱ्या बाजूनं लिहून बघा. शंभरातले 34 मुलगे नापास झाले. आता वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की हे कुठं जातात? आमच्या भागातले बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत जातात, नाहीतर गोव्यात हॉटेलात. आणि शंभरातल्या 19 मुलीही नापास झाल्यात. त्यांतल्या काहींच्या घरी त्याच उन्हाळ्यात स्थळं बघायला सुरुवात होते. 'बाजी' या शब्दाखाली हे मुलगेही झाकले जातात आणि या मुलीही.

अशा बातम्यांत 'मुलं' हा शब्दही घोटाळा करतो. 'मुलं मागे पडली' म्हणजे मुलगे की सगळीच? शाळेच्या अहवालात मी आता सरळ 'मुलगे' आणि 'मुली' लिहिते. वाचायला थोडं खडबडीत लागतं, पण अर्थ पक्का राहतो.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो प्रगतिपत्रकावरचा शेरा. बेरजेचा रकाना सारखा आणि शेऱ्याचा वेगळा, असं किती वेळा बघितलंय! गणितात साठ मार्क मिळवणारा मुलगा 'हुशार आहे, अभ्यास वाढवावा', आणि तेवढेच मार्क मिळवणारी मुलगी 'कष्टाळू व नम्र'. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मुलाला सांगितलं गेलं की तुझ्यात अजून शिल्लक आहे, आणि मुलीला सांगितलं गेलं की होतं तेवढं तू लावलंस. पुढं सायन्सला जायचं का, हे घरात ठरताना हाच शेरा वाचला जातो. "बाई, ती कष्टाळू हाय, पण सायन्सला डोकं लागतंय की," असं एक वडील मला म्हणाले, तेव्हा ते प्रगतिपत्रकातलंच वाक्य मला परत ऐकवत होते. आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मी मागणी केली की शेऱ्यात स्वभाव नको, काम लिहा: भूमितीच्या सिद्धता चांगल्या, अपूर्णांकात चुका. काहींनी मान्य केलं. काहींना ते फार कोरडं वाटतं. मला तसं वाटत नाही. मुलीला नम्र म्हणण्यापेक्षा तिची सिद्धता वाचणं हा तिचा जास्त मोठा मान आहे.

'मुली भाषेत पुढे, मुलगे गणितात' अशी वाक्यं पुरवण्यांतून सतत येतात. जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2005 साली अशा अभ्यासांचे 46 एकत्रित आढावे तपासले. त्यांत नोंदलेल्या फरकांपैकी 78 टक्के लहान किंवा जवळजवळ नसल्यासारखे निघाले. सगळ्यात मोठे फरक कशात, तर चेंडू किती वेगानं आणि किती लांब फेकता येतो यात. लहान फरकाबद्दल 'मुली अशा असतात' लिहिलं की वर्गातली प्रत्येक मुलगी त्या वाक्यात कोंबली जाते. 'सरासरीत थोडा फरक दिसला' असं लिहिलं तर कोंबली जात नाही. वयही सांगावं लागतं. माझ्या सातवीच्या रांगेत उंच मुली मागं उभ्या असतात, कारण मुलींची उंची वाढायची वेळ मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते. दहावीत तीच रांग उलटी होते. मोजलेलं असेल तिथं मी 'फरक' लिहिते, कुणी केलेला असेल तिथं 'भेदभाव'. निबंध स्पर्धेत येणाऱ्या 'लिंगभेद' या शब्दात दोन्ही एकत्र कालवलेलं असतं.

बोलण्याबद्दलही लिहायला हवं. आमच्या मुली 'मी आलो', 'मी गणित सोडवायलोय' म्हणतात. मीही घरात तसंच बोलते. पुण्याकडच्या एका पाहुण्या बाईंनी याला 'पुरुषी भाषा' म्हटलं आणि वर्गातल्या मुली गप्प झाल्या. ही बेळगाव-कोल्हापूरकडची बोली आहे. कन्नडमध्ये तर बाई असो की पुरुष, 'आलो'ला दोघंही 'बंदे'च म्हणतात, तिथं कुणी कुणाला पुरुषी ठरवत नाही.

शब्दानं नुसतं मन दुखतं असं नाही, पैसेही जातात. आमच्याकडे भाताची रोपं लावणं आणि भांगलण, म्हणजे तण काढणं, ही 'हलकी कामं', म्हणून बाईमाणसाची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, गड्यापेक्षा कमी. जुलैच्या पावसात प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन, चिखलात दिवसभर वाकून केलेलं काम हलकं कसं? नांगरणी जड म्हणावी, तर ती आता ट्रॅक्टर नाहीतर पॉवर टिलर करतो. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला. उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामावर बाई-गडी दोघांनाही एकच दर मिळतो, 2024-25 मध्ये तो 349 रुपये होता. त्याच बायका शेतात आल्या की हजेरी उतरते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना मी विचारलं की यंदा काय ठरलं? त्या म्हणाल्या, "हलकं म्हणू नका म्हणून सांगितलं मालकाला. म्हणायचं सोडलं त्यांनी. हजेरी तेवढीच हाय अजून. आता म्हणतात, भाताला दर नाही." हे कारण निदान पैशाचं आहे, त्यावर हिशेब मांडून भांडता येतं. काकू आता त्यांच्या संघातल्या बायकांना घेऊन एकरी लावणीचा उक्ता दर मागायला निघाल्यात. तो हिशेब मी त्यांना कागदावर करून दिलाय.