इंडोनेशिया आपल्या मापाने बेतताना

इंडोनेशियाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला की बोट सहज फिरतं. इथे बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप, इथे बाली, जरा वर ओरांगउटान वानरं, उजवीकडे कोमोडोच्या अजस्र घोरपडी. सगळं वीतभर अंतरात. प्रत्यक्षात पश्चिम टोकाच्या साबांगपासून पूर्वेच्या मेराउकेपर्यंत हा देश ५,००० किलोमीटरहून लांब आहे. आपला भारत उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर. १७,००० वर बेटं आणि ३ प्रमाणवेळा. जाकार्ता आपल्यापेक्षा दीड तास पुढे, बाली अडीच, पापुआ साडेतीन. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी कुठे जायचं नाही हे ठरवावं लागतं.

शिंपी कात्री लावण्याआधी कापडाचा पन्हा मोजतो. सहलीचा पन्हा म्हणजे हातातल्या रात्री, आणि सगळ्यात जास्त कापड वाया जातं ते मुक्काम हलवण्यात. तासाभराचं देशांतर्गत विमान घ्या. हॉटेल सोडणं, विमानतळ गाठणं, दोन तास आधीची हजेरी, उड्डाण, बॅगांचा पट्टा, पुन्हा गाडी असा हिशोब मांडला तर ६ ते ७ तास जातात, आणि विमान उशिरा सुटलं तर अख्खा दिवस. बडोद्याच्या घरांसाठी सहली बेतताना आमचं गणित साधं आहे. ६ रात्री असतील तर एकच प्रदेश, ८ ते ९ रात्रींना दोन, १२ रात्रींना तीन. त्याहून जास्त कोंबलं की घरी येताना विमानतळच लक्षात राहतात.

मापं घेताना दुसरी गोष्ट पावसाची. जावा, बाली आणि फ्लोरेसकडे साधारण मे ते सप्टेंबर कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊस. बडोद्यातल्या घरांना हे फार सोयीचं आहे, कारण शाळांची मोठी सुट्टी नेमकी मे महिन्यात पडते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर कोरड्या काळाचं शेपूट मिळतं. दुपारच्या सरी धरून चालायचं. पण सगळा देश एका पंचांगाने चालत नाही. पूर्वेच्या मालुकू बेटांकडे पाऊस मे-जूनमध्येच लागतो. पापुआजवळच्या राजा अंपात बेटांचा समुद्र ऑक्टोबर ते एप्रिल शांत असतो आणि आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत वाऱ्याने खवळतो. मे महिन्याच्या तिकिटावर राजा अंपात जोडणं म्हणजे खर्च करून खराब समुद्र विकत घेणं.

दोन तारखा पंचांगात खूण करून ठेवाव्यात. रमजान ईदच्या आगेमागे आठवडाभर निम्मा जावा गावी निघालेला असतो. रेल्वेची तिकिटं संपतात, रस्ते तुंबतात. दुसरी न्येपी. बालीचं हे नववर्ष आपल्याच शक कालगणनेचं, त्यामुळे गुढीपाडव्याच्या आसपासच येतं. त्या दिवशी बालीत दिवे मंद, रस्ते रिकामे, पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही आणि विमानतळ २४ तास बंद. अनुभवण्यासारखा दिवस आहे, पण परतीचं तिकीट त्या तारखेचं नको.

मे महिन्यातल्या १२ रात्रींसाठी आम्ही जे बेततो ते असं: योग्यकर्ता ४ रात्री, सुराबाया १ (दोन्ही जावातली शहरं), ओरांगउटानांसाठी कालिमंतानच्या (बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागाच्या) नदीवर होडीत २, परत सुराबाया १, आणि बाली ४. कोमोडो, तोराजा, सुमात्रा आणि ब्रोमोचा ज्वालामुखी गाळले. ब्रोमो गाळताना हात जड होतो, पण त्याला पहाटे तीनची जीप आणि दोन दिवस लागतात, आणि घरात आजी-आजोबा असतील तर नदी जास्त लाभते.

अहमदाबादहून क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे जाणं बडोद्याला सोयीचं. जाताना थेट योग्यकर्त्यात उतरा आणि परत बालीच्या देनपसारहून निघा. येण्या-जाण्याचं एकच विमानतळ धरलं तर उलटा प्रवास उगाचच करावा लागतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर बॅगा शेवटपर्यंत जातात. स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली की मध्ये उतरून, इमिग्रेशन ओलांडून, बॅगा घेऊन पुन्हा रांगेत लागावं लागतं. सिंगापुरात त्यासाठी व्हिसा लागतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची सूट दिली आहे, पण ती मुदतीची आहे आणि आगमनाचं डिजिटल कार्ड आधी भरावं लागतं. वेगळी तिकिटं घेतलीच तर मध्ये किमान ५ तास ठेवा.

इंडोनेशियाचा व्हिसा भारतीयांना पोहोचल्यावर मिळतो: ३० दिवसांचा, माणशी ५,००,००० रुपिया, एकदा वाढवता येतो. तोच सरकारी संकेतस्थळावर घरूनच काढला तर रांग वाचते. नकली संकेतस्थळं बरीच आहेत आणि ती वरचे पैसे लावतात, तेव्हा पत्ता नीट वाचा. पासपोर्टला उतरण्याच्या दिवसापासून ६ महिने मुदत हवी. शिवाय उतरण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन अर्ज भरून क्यूआर कोड घ्यायचा, आणि बालीसाठी १४ फेब्रुवारी २०२४ पासून माणशी १,५०,००० रुपियाचा पर्यटक कर वेगळा.

योग्यकर्त्याचा नवा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर कुलोन प्रोगोत आहे. तिथून रेल्वे पाऊण तासाच्या आत शहरातल्या तुगू स्थानकात सोडते. टॅक्सीपेक्षा ही बरी. ४ रात्रींतला एक दिवस पूर्ण बोरोबुदूरला द्या. आवारात फिरण्याचं तिकीट वेगळं आणि वर चढण्याचं वेगळं. वर दिवसाला १,२०० जणांनाच सोडतात, वेळ ठरवून, गाईडबरोबर, आणि दगड झिजू नये म्हणून केवड्याच्या जातीच्या पानांच्या विणलेल्या चपला घालून. त्या चपलांना तिथे ‘उपानत’ म्हणतात, म्हणजे आपलं संस्कृत उपानह. चढण्याचं तिकीट ऑनलाइन मिळतं. तारीख पक्की झाली की सगळ्यात आधी ते काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. नवानंतर दगड तापतो.

वर वेळ मोजका मिळतो आणि कोरीव फलक २,६७२ आहेत. म्हणून गाईडला आधीच सांगून ठेवा: जहाज दाखवा. पहिल्या सज्जातल्या त्या फलकावर दोन डोलकाठ्या, बाजूला तोल सावरणारा लाकडी सांगाडा, आणि दोरांना लटकलेली माणसं आहेत. फुगलेल्या शिडाचा ताण दगडात दिसतो. याच फलकावरून बांधलेलं जहाज २००३ मध्ये जाकार्ताहून निघून २००४ मध्ये घानाला पोहोचलं, आणि ते बोरोबुदूरच्याच आवारातल्या संग्रहालयात ठेवलं आहे. फलक आधी, जहाज नंतर, असं पाहावं.

प्रंबाननची हिंदू मंदिरं योग्यकर्ता शहराच्या पूर्वेला १७ किलोमीटरवर. नवव्या शतकातलं, मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच. इथे लोक पायऱ्या चढून थेट गाभाऱ्यात जातात, बाहेर येऊन फोटो काढतात आणि रामायण पाहायचं राहून जातं. ते कठड्याच्या आतल्या अंगाला कोरलंय. पूर्वेच्या दारातून चढून डावीकडे वळा आणि प्रदक्षिणा घाला. कथा डाव्या हाताला उलगडत जाते आणि शेजारच्या ब्रह्माच्या मंदिरात पुरी होते. जटायूपाशी थांबा. इथे सीता त्याच्याकडे अंगठी देते आणि तो ती रामाला पोहोचवतो. वाल्मीकींत असं नाही. सेतुबंधाच्या फलकावर मासे दगड गिळताना दिसतात. ज्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली, तिथल्या माणसांनी तरी हे फलक घाईत पाहू नयेत. आणि आपल्याला आणखी जवळचं म्हणजे, जुन्या जावी भाषेतल्या रामायणाचा बराच भाग भट्टिकाव्यावरून आला आहे आणि ते रचणारा कवी भट्टी वलभीचा, भावनगरजवळचा. उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे, पश्चिमेला गणपती, दक्षिणेला अगस्त्य. टॉर्च न्या, आत अंधार असतो.

योग्यकर्ता ते सुराबाया रेल्वेने साधारण ४ ते साडेचार तास. तिकिटं साधारण दीड महिना आधी खुलतात, त्यावर पासपोर्टचा नंबर लागतो. योग्यकर्त्यात दोन स्थानकं आहेत, तुगू आणि लंपुयांगान. तिकिटावरचं नाव वाचूनच रिक्षा सांगा, गाडी वेळेवर सुटते.

सुराबायाहून पांकालान बुन सव्वा तासाचं उड्डाण, तिथून अर्ध्या तासाच्या आत कुमाईचा धक्का. तिथे क्लोतोक उभी असते. दुमजली लाकडी होडी; खाली नावाडी आणि स्वयंपाक, वरच्या डेकवर आपलं जेवण, बसणं, रात्री मच्छरदाणीतली गादी. तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यानात तीन ठिकाणी ओरांगउटानांना खाणं ठेवतात: तांजुंग हारापानला दुपारी ३, पोंदोक तांगुईला सकाळी ९, कँप लीकीला दुपारी २. सगळा आराखडा या तीन वेळांवर बेतलेला. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत धक्क्यावर पोहोचलात तरच तिन्ही मिळतात. दुपारचं विमान घेतलं तर पहिलं गेलंच. म्हणूनच आदली रात्र सुराबायात काढायची.

फळीच्या मचाणावर रक्षक केळी ओततात आणि हाका घालतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग वरची एक फांदी वाकते. माद्या पिल्लं पोटाशी धरून उंचावर थांबतात. गालांचे रुंद पडदे असलेला नर आला तर तो खाईपर्यंत खाली उतरत नाहीत. रानात फळं पिकलेली असली तर कुणीच येत नाही, आणि ते रानाच्या दृष्टीने चांगलं लक्षण आहे, हे मुलांना निघण्याआधी सांगून ठेवावं. कँप लीकी १९७१ मध्ये बिरुते गाल्दिकास यांनी सुरू केलं. तिकडे वळताना गढूळ सेकोन्येर नदी सोडून होडी उपनदीत शिरते आणि पाणी बिनदुधाच्या चहासारखं काळं, नितळ होतं. संध्याकाळी काठच्या झाडांवर लांब नाकाची माकडं गोळा होतात. ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये कोरड्या वर्षी वणव्यांच्या धुराने विमानं रद्द होतात. मे महिन्यात ती भीती कमी.

शाकाहारी घरांना ही होडीच सगळ्यात सोपी पडते, कारण स्वयंपाकी आपला एकट्याचा. बाहेर मात्र ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द पुरत नाही. भाजी असते, पण तिच्यात तरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, असते. सांबल नावाच्या मिरचीच्या चटणीत तर हमखास. ‘तानपा’ म्हणजे शिवाय. तानपा दागिंग (मांस), तानपा आयाम (कोंबडी), तानपा इकान (मासे), तानपा उदांग (कोळंबी), तानपा तरासी, आणि अंडं नको तर तानपा तलुर, असं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आचाऱ्याला दाखवा, वाढप्याला नव्हे. गुदग ही योग्यकर्त्याची नारळाच्या दुधात, ताडगुळात तासन्‌तास शिजलेली कच्च्या फणसाची भाजी. पण तिच्यासोबत कोंबडी, अंडं आणि चामड्याचा क्रेचेक येतो, आणि पुष्कळदा कोंबडी त्याच भांड्यात शिजलेली असते, विचारूनच घ्या. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (टोफू) सगळीकडे मिळतात. वाफेचा भात तर कुठेही, म्हणून मेतकुटाची पिशवी न्यावीच.

नोटांवरची शून्यं गोंधळवतात. शेवटची तीन शून्यं झाकून उरलेल्याला पाच-साडेपाचने गुणलं की साधारण आपले रुपये. एटीएममधून बहुधा आधी पैसे बाहेर येतात आणि मग कार्ड. पैसे घेऊन वळलं की कार्ड आत राहतं. डॉलर नेले तर कोरे न्या, दुमडलेली नोट परत करतात.

सहल कुणाकडून बेतून घेत असाल तर लेखी विचारायचे प्रश्न असे. गाडीचे दिवसाला किती तास, त्यानंतरचा दर काय? पेट्रोल, पार्किंग, प्रवेशतिकिटं धरली आहेत का? चालक आहे की गाईडही? होडीवर दुसरं कुटुंब असणार आहे का? ‘किंवा तत्सम हॉटेल’ असं लिहिलं असेल तर नाव मागा. बिलावरचा टीसीएस (सहल विकणाऱ्याने आधीच गोळा केलेला कर) आयकर विवरणात वळता होतो, त्याची पावती जपा.

बालीत रस्त्याचं अंतर किलोमीटरने मोजू नये. विमानतळाहून उबुद ३७ किलोमीटर, पण दीड तास लागतो. डोंगरातलं मुंदुक अडीच ते तीन तास. चारही रात्री एकीकडे नकोत: तीन मुंदुक किंवा उबुदला, जिथे भाताची खाचरं आणि ती भिजवणारी सुबकची पाणीवाटपाची पद्धत (२०१२ पासून जागतिक वारसा) चालत पाहता येते. स्कूटर घ्यायची तर दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून आणा. तो नसेल तर अपघाताचा विमा मिळत नाही. उबुदच्या माकडांना खाऊ दाखवू नका. बालीत रेबीज आहे; चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने धुऊन त्याच दिवशी लस.

चौथी रात्र सानूरला. तिथून विमानतळ अर्ध्या तासावर, आणि किनारा पूर्वेला तोंड करून. साडेसहाच्या सुमाराला सूर्य समोरच्या पाण्यातून वर येतो. ओहोटी असेल तर प्रवाळाच्या बांधापर्यंत पाणी गुडघाभर राहतं आणि स्थानिक बाया त्यात उभ्या राहून गप्पा मारत असतात. चपला घालून उतरा, खाली प्रवाळाचे तुकडे टोचतात.