हिस्लॉप या आडनावाचे मूळ

नागपूरजवळच्या टाकळघाटच्या शिवारातील शिळावर्तुळे, म्हणजे मोठ्या दगडांनी आखलेली प्राचीन दफनस्थळे, मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मात्र ती पाहायला येऊन याच परिसरात प्राण गमावलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे आडनाव मला कायम परके वाटे. नागपुरात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे, त्यामुळे "पोरगा हिस्लॉपात शिकतो" असे आमच्याकडे सहज म्हटले जाते, पण या शब्दाला काही अर्थ असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

खरे तर हे आडनाव आपल्या बोरकर, पिंपळकर यांच्याच जातकुळीचे आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅसेल' म्हणजे हेझलचे झाड, ज्याची फळे आता सुक्यामेव्याच्या दुकानांत हेझलनट म्हणून मिळतात, आणि 'हॉप' म्हणजे डोंगरांनी वेढलेली लहानशी दरी. अशा दरीत राहणारा किंवा तिच्या नावाच्या वस्तीतून आलेला माणूस त्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि इंग्लंडमध्ये 1066 च्या नॉर्मन विजयानंतरच्या काही शतकांत अशी ओळख बापाकडून मुलाकडे जाणारे आडनाव होत गेली. शब्दाच्या शेवटी जोर नसल्यामुळे 'हॉप'मधला 'ह' बोलण्यात गळाला. ग्लॉसप आणि वर्कसप या गावांच्या नावांतही हीच 'हॉप' दडलेली आहे. डनलॉप मात्र ऐकायला सारखे वाटले तरी ते गेलिक भाषेतून आलेले असल्यामुळे या घराण्यातले नव्हे. उत्तर इंग्लंडमध्ये हेस्लॉप हे रूप रूढ झाले, तर सीमेपलीकडील स्कॉटलंडमध्ये हिस्लॉप. तिथल्या सखल भागातील स्कॉट्स बोलीही जुन्या इंग्रजीतूनच निघालेली असल्याने माणूस स्कॉटिश असूनही आडनाव इंग्रजी कसे, हे कोडे उरत नाही.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 1817 साली सीमेजवळच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. धर्मप्रचारासाठी नागपुरात आलेल्या या माणसाने इथले खडक आणि जीवाश्मही तितक्याच निष्ठेने अभ्यासले, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो मुख्यतः यामुळे. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. बोरी हे नावही झाडावरूनच पडलेले, हे मला फार उशिरा जाणवले. इथल्या आदिवासींवरचे त्यांचे अपुरे राहिलेले टिपण मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यात गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचे गीत मूळ गोंडी शब्दांसह छापलेले आहे.