सातवीण, सागरगोटा आणि असीमाबाई

२८ ऑक्टोबर, रात्र

लेक आत्ता झोपली. साडेदहा वाजलेत. खिडकी उघडी ठेवली की सातवीणीचा वास थेट पलंगापर्यंत येतो. गल्लीच्या तोंडाशी दोन झाडं आहेत. कोजागिरीच्या सुमारास फुलायला लागतात आणि मग संध्याकाळ झाली की सगळं गोरेगाव त्या वासात बुडून जातं. तळमजल्यावरच्या काकूंना तो सोसत नाही, डोकं धरतं म्हणतात. मला मात्र सहा वर्षांपासून हा वास म्हणजे कामाची आठवण. याच झाडाची साल माझ्या पीएच.डी.चा विषय आहे.

आज कॉलम सुकला.

बाळंतपणाच्या रजेनंतर परत रुजू झाले त्याला आता पाच महिने होतील. या पाच महिन्यांत दोन किलो साल वाळवली, दळली, पेट्रोलियम ईथरने तिच्यातलं मेण आणि तेल काढून टाकलं, मग अल्कोहोलमध्ये अर्क काढला. अर्क आम्लात घोळवला, गाळला, अमोनिया घातला, क्लोरोफॉर्मने ओढून घेतला. एवढं सगळं झाल्यावर फ्लास्कच्या तळाशी चमचाभर तपकिरी, चिकट गोळा उरला. त्यात दहा-बारा तरी अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजन असलेली, बहुधा कडू द्रव्यं, एकमेकांना चिकटून बसलेली असणार. ती सुटी करायला ॲल्युमिनाचा कॉलम लावला होता, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीने भरलेली उभी काचनळी; वरून सॉल्व्हंट (द्रावक) सोडत राहिलं की एकेक द्रव्य वेगळं होऊन खाली उतरतं. थेंब थेंब पडत होता, चाळीस टेस्ट ट्यूब भरून झाल्या होत्या. ट्यूबमधला थेंब प्लेटवर ठेवून ड्रॅगेनडॉर्फ, म्हणजे अल्कलॉइड ओळखायचं रसायन, फवारला की फिकट पिवळ्यावर नारिंगी ठिपका उठतो. एकविसाव्या ट्यूबपासून तो एकटाच, स्वच्छ उठायला लागला होता.

तेवढ्यात घरून फोन आला, लेकीला ताप आहे. मी बाहेर जाऊन आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, बोलले, नवऱ्याला फोन लावला, डॉक्टरांची वेळ घेतली. परत आले तेव्हा वरचं सॉल्व्हंट संपून ॲल्युमिना उघडा पडला होता आणि मधोमध, वरपासून वितभर, केसासारखी भेग. कॉलमला एकदा भेग पडली की वेगळे होत आलेले पट्टे पुन्हा एकमेकांत मिसळून खाली येतात. माल वाया जात नाही, धुऊन काढता येतो. पण दोन दिवस गेले. मी तशीच स्टुलावर बसून राहिले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न विचारता माझा बर्नर बंद केला आणि चहा आणून ठेवला.

लोकलमध्ये मालाड येईपर्यंत रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जींचाच विचार करत होते.

त्यांचं नाव पहिल्यांदा बी.एससी.ला असताना पाठ केलं होतं, यादीतलं नाव म्हणून. भारतीय विद्यापीठातून विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री, १९४४, कलकत्ता विद्यापीठ. विज्ञानातलं मानाचं भटनागर पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री, १९६१. (रसायनशास्त्रातलं पहिलं भटनागर आदल्या वर्षी टी. आर. गोविंदाचारींना मिळालं होतं. ते पुढे आमच्या गोरेगावच्या, सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्राचे संचालक झाले. हे कळलं तेव्हा मला उगाच घरचा माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.) इंडियन सायन्स काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष, १९७५, त्याच वर्षी पद्मभूषण. मग राज्यसभा. सगळं 'पहिली, पहिली, पहिली'. पाठ करायला सोपं होतं. भटनागर दुसऱ्या एका स्त्रीला मिळायला पुढे १४ वर्षं लागली, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती यादी आठवली की मला एकच वर्ष दिसत राहतं, आणि ते यादीत नसतंच. १९४७. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी असीमाबाई अमेरिकेला निघाल्या, लहानग्या मुलीला घेऊन, आणि मुलीला सांभाळणाऱ्या बाईंनाही सोबत घेऊन. आधी विस्कॉन्सिन विद्यापीठ, मग कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत रसायनशास्त्रज्ञ झेचमाइस्टर यांच्याकडे, मग झुरिचला पॉल कॅरर यांच्याकडे. कॅरर म्हणजे जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९३७ चं नोबेल मिळालेले. १९५० ला त्या परत आल्या. तीन वर्षं, दोन खंड, तीन प्रयोगशाळा, आणि रोज संध्याकाळी घरी एक लेकरू वाट बघतंय. त्या सोबत गेलेल्या बाईंचं नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. मला त्यांचे हात दिसतात. माझ्याकडे आई आहेत, माझ्या सासूबाई. त्या नसत्या तर दोन किलो साल कुठल्या कुठे राहिली असती. असीमाबाईंची मुलगीही पुढे सेंद्रिय रसायनशास्त्राचीच प्राध्यापक झाली.

परत आल्यावर काम तरी कुठलं? आपल्या ओळखीच्या झाडापाल्याचं. सर्पगंधेच्या जातीतल्या वनस्पती, सदाफुली, सातवीण. आज मी नमुना यंत्रात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी रेणूचा अर्धा सांगाडा कागदावर येतो. त्यांच्या सुरुवातीच्या काळात यातलं काही हाताशी नव्हतं. रेणू तोडायचा, तुकडे ओळखायचे, वितळणबिंदू जुळवायचे, आणि तुकड्यांवरून मूळ आकार सांगायचा. पृथक्करणासाठी नमुने परदेशी पाठवायचे आणि उत्तराची वाट बघायची. अशा रीतीने त्यांच्या नावावर सुमारे ४०० शोधनिबंध आहेत. १९६२ पासून २० वर्षं त्या कलकत्ता विद्यापीठात 'खैरा प्राध्यापक' या मानाच्या पदावर होत्या.

आणि मधेच १९६७. चार महिन्यांच्या अंतराने वडील गेले, नवरा गेला. वडील डॉक्टर होते, वनस्पतींची ओढ त्यांच्याकडूनच आलेली. पती रसायनशास्त्रज्ञच, घरातला बोलायचा माणूस. त्याच सुमारास त्या स्वतःही खूप आजारी पडल्या. काही महिन्यांनी पुन्हा प्रयोगशाळेत आल्या. याबद्दल मी फार लिहू शकत नाही. माझी तर एका भेगेवर संध्याकाळ गेली.

घरी पोचले तर ताप उतरला होता. आई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि बाळगुटीचा डबा पुढ्यात उघडा. डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून गुटी देत नाही, पण लेकीला त्या डब्याचा खुळखुळ आवडतो म्हणून तो रोज निघतो. वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, आणि तळाला एक सागरगोटा, करडा, गुळगुळीत, नखाने वाजवला की दगडासारखा वाजणारा. मी विचारलं, "याचे किती वेढे द्यायचे?"

"एकच," आई म्हणाल्या. "फार कडू असतो तो. आमच्याकडे हिवताप आला की मोठ्या माणसांनाही द्यायचे, मिऱ्याबरोबर."

मी त्यांना सांगितलं की कलकत्त्याच्या एका बाईंनी हिवतापावर औषध तयार केलं, त्यात सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि हा सागरगोटा होता. आई थांबल्या. मग फेफऱ्यावरच्या औषधाचंही सांगितलं, आयुष-५६. त्यातली एक जटामांसी, आईंच्या केसांच्या तेलातली. दुसरी सुषुणी, बंगालात पाणथळ जागी उगवणारी पालेभाजी, आपल्या आंबुशीसारखीच दिसते, फक्त आंबुशीला तीन पानं आणि हिला चार. लोक ती झोप यावी म्हणून खायचे.

"म्हणजे त्यांनाही कुणीतरी आजीनेच सांगितलं असणार," आई म्हणाल्या.

सांगितलं असेल. पण सहाणेवरच्या एका वेढ्यात नेमकं किती उतरतं? हात जड असला तर जास्त, हलका असला तर कमी, सागरगोटा जुना असला तर आणखी वेगळं. त्या वेढ्यापासून मिलिग्रॅमपर्यंत पोचायला असीमाबाईंचं अख्खं आयुष्य लागलं. त्यांनी आजीबाईचा बटवा हसण्यावारी नेला नाही आणि डोळे मिटून मानलाही नाही. उघडला, एकेक जिन्नस बाहेर काढला आणि विचारलं, तुझ्यात आहे काय? मला रसायनशास्त्र आवडतं ते या प्रश्नासाठी. सालीच्या दोन किलोंपाशी मी जी बसले आहे, तीही याच प्रश्नासाठी.

लेक कूस बदलते आहे. कपाळ गार आहे, दोनदा हात लावून पाहिला. उद्या ७:४२ ची पकडायची. ॲल्युमिना येताना ओव्हनमध्ये ठेवूनच आले आहे, सकाळपर्यंत तयार होईल. या वेळी कॉलम थोडा जाड घेईन आणि वर सॉल्व्हंटचं नरसाळं बसवेन, म्हणजे फोन आला तरी अर्धा तास धकेल.