सकाळचा निळा पडदा

ताईंनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर एक वही. "दादा, ही दुसरी एसएसडी आहे. पहिली दुकानातून बदलून आणली, तर हिचंही तेच. सकाळी निळा पडदा येतो. खटपट केली की चालू होतं, दिवसभर काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच."

"दुपारी कधी आलाय?"

"एकदाही नाही."

हे उत्तर मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. ते तेव्हाच घेतलं असतं तर निम्मा दिवस वाचला असता.

मशीन बारा वर्षांचं होतं. ताई घरून पुस्तकांची डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानांची जुळणी, करतात. हार्डडिस्क फार संथ झाली म्हणून त्यांनी स्वतःच कॅबिनेट उघडून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकलं. कामाच्या फाइली राहाव्यात म्हणून जुनी डिस्क आतच ठेवली. मी बाजूचं झाकण काढलं तर आतलं काम बघतच राहावं असं होतं. अडीच इंची एसएसडी पट्टीवर चारही स्क्रूंनी घट्ट, केबली वळवून बांधलेल्या, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा कण नाही. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये एसएसडी बरेचदा केबलीला लोंबकळत असते. हिथं जीव लावून काम केलेलं दिसत होतं, आणि तरीही मशीन रोज सकाळी त्यांना रडवत होतं.

बटण दाबलं. आधी बराच वेळ काळा पडदा, मग निळा. इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोज सुरू व्हायला लागलं, पण ज्या ड्राइव्हवर ते स्वतः आहे तोच त्याला दिसेना. त्या काळ्या पडद्याच्या वेळात जुन्या हार्डडिस्कमधून कट्‌... कट्‌... असा आवाज आला. मी लगेच मशीन बंद केलं.

"हा आवाज कधीपासून?"

"दोनेक महिने. कधी येतो, कधी नाही."

"आणि ही डिस्क काढून चालवून पाहिलंत?"

"पाहिलं ना. काढली की म्हणतं, बूट डिव्हाइसच नाही."

म्हणजे विंडोज एसएसडीवर, आणि बूट मात्र जुन्या डिस्कवरून. विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असली की हे घडतं. त्या डिस्कवर आधीपासून बूटचं पार्टिशन असतं, सेटअप नवं पार्टिशन न करता तेच वापरतो आणि बूटच्या फाइली तिथे ठेवून मोकळा होतो. ताईंनी एसएसडी बदलून आणली तेव्हाही जुनी डिस्क जोडलेलीच होती, त्यामुळे दुसऱ्यांदाही तेच झालं. नवं विंडोज रोज एका मरायला टेकलेल्या डिस्कच्या खांद्यावरून उभं राहत होतं, आणि दोष एसएसडीला लागत होता.

निळा पडदा मी तिथेच सोडला आणि आधी जुनी डिस्क हातात घेतली. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. मशीन उद्या दुरुस्त होईल, परवा होईल, पण अकरा वर्षांच्या पुस्तकांच्या फाइली एकदा गेल्या की गेल्या. डिस्क माझ्या मशीनला जोडली. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, रिअलोकेटेड सेक्टर ९६, पेंडिंग ४०. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. रिअलोकेटेड म्हणजे डिस्कने बाद ठरवून ज्यांच्याऐवजी राखीव जागा दिली ते. पेंडिंगची काळजी जास्त, कारण ते सेक्टर डिस्कला वाचता आलेले नसतात आणि त्यांचा निकालही लागलेला नसतो. अशा डिस्कवर विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवायचं नाही, फाइली एकेक करून ओढायच्या नाहीत, आधी सगळ्या डिस्कची प्रत काढायची. मी डीडीरेस्क्यू लावलं, बिघडत्या डिस्कची प्रत काढायचा प्रोग्रॅम. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येईल तेवढं उचलतं, अडखळलं की ती जागा नोंदवून पुढे जातं आणि अवघड जागांवर शेवटी परत येतं. दमलेल्या डिस्ककडून आधी मोठा वाटा घ्यायचा असतो. एक टेराबाइटला चारेक तास लागणार होते.

तेवढ्यात एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून तपासली. ठणठणीत. ताईंचा संशय केबलीवर होता, कारण केबल काढून पुन्हा लावली की मशीन चालू व्हायचं, म्हणून मी सीआरसी एररचा आकडाही पाहिला. सॅटा केबलीतून जाताना माहिती बिघडली की हा आकडा वाढतो, आणि केबल बदलली तरी तो मागे येत नाही. तिथे शून्य होतं. इतक्या दिवसांच्या सकाळी केबलीने दगा दिला असता तर एखादा तरी एरर नोंदला गेला असता.

मग रॅम एकेक करून पाहिली, एसएमपीएसचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचे, व्होल्टेज मोजले, पोर्ट बदलले. सगळं ठीक. दोन तास गेले. मला कंटाळा आला नव्हता, पण काळजी वाटायला लागली होती. ताईंची एक एसएसडी परत गेलेली, दुसरीही मी निर्दोष ठरवलेली, आणि दोष अजून सापडलेला नाही.

शेवटी वही उघडली. सुवाच्य अक्षरात तारीख घालून प्रत्येक सकाळची नोंद होती. एक पान जसंच्या तसं देतो:

"सकाळी ७.१०, निळा पडदा. १) बायोस तपासले, आयडीई दिसले, एएचसीआय केले. २) केबल काढून, पुसून लावली. ३) पोर्ट २ वरून १ वर. सुरू झाला. बहुतेक केबल."

आयडीई आणि एएचसीआय म्हणजे मदरबोर्डाने डिस्कशी बोलायच्या जुन्या आणि नव्या पद्धती. त्यातली कोणती वापरायची ते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ठरतं. पुढच्या पानावर परत: "आयडीई दिसले, एएचसीआय केले." तिसऱ्या पानावर तेच, चौथ्यावर तेच. दर वेळी त्याखाली केबल, पोर्ट, आणि शेवटी "सुरू झाला".

सेव्ह केलेलं सेटिंग रात्रीतून आपोआप कसं बदलेल?

"ताई, रात्री मशीन कसं बंद करता?"

"शटडाउन करते आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करते. घरात लहान मूल आहे."

सगळं त्या बटणात होतं. मदरबोर्डावर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ त्याच्यावर जगतात. मशीन शटडाउन केलं तरी वायरीत वीज असेल तर एसएमपीएस मदरबोर्डाला ५ व्होल्ट स्टँडबाय देत राहतो, आणि तेवढ्यावर भागतं. सेल मेलेला असला तरी दिवसभर कळत नाही. भिंतीवरचं बटण बंद झालं की सगळा भार सेलवर येतो. तो रिकामा असेल तर बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. या बोर्डाचं ते सेटिंग होतं आयडीई. विंडोज टाकलं होतं एएचसीआयमध्ये. सकाळी कंट्रोलर एका भाषेत बोलायचा, विंडोजने ड्रायव्हर दुसऱ्याच भाषेचा लोड केलेला असायचा. म्हणून निळा पडदा.

काही बोर्ड अशा वेळी एफ१ दाबायला सांगून थांबतात. हा बोर्ड काही न बोलता पुढे जायचा. घड्याळावरून तरी कळलं असतं, पण इंटरनेट लागलं की विंडोज वेळ आपोआप बरोबर करून घेतं, त्यामुळे ती खूणही पुसली जायची. ताईंनी खरा उपाय रोज केला होता, पहिल्याच पायरीला. त्याच्यामागून आणखी दोन गोष्टी केल्या आणि यश शेवटच्या गोष्टींच्या नावावर गेलं.

संध्याकाळी प्रत पूर्ण झाली. वाचता न आलेले सेक्टर राहिले १६, म्हणजे ८ किलोबाइट. डीडीरेस्क्यूने केलेल्या नोंदींच्या नकाशावरून शोधलं तर बहुतेक जुन्या विंडोजच्या पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅमला जोड म्हणून ठेवलेल्या फाइलीत, आणि थोडे एका मुखपृष्ठाच्या चित्रात. ताईंनी ते चित्र उघडलं. खालचा पाव भाग राखाडी झाला होता. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे छापील आहे माझ्याकडे. स्कॅन करते." इतका वेळ मलाच धाकधूक होती.

बूटचं काम सोपं होतं. जुनी डिस्क बाहेर, इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट, डिस्कपार्टमध्ये एसएसडीचं पार्टिशन अॅक्टिव्ह, आणि बीसीडीबूटने बूटच्या फाइली तिच्यावर. पेनड्राइव्हवरून आल्यावर विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर कधी कधी सी नसतं, तेवढं डोळ्यांनी पाहून घ्यावं लागतं.

सेल लगेच बदलला नाही. आधी दोष डोळ्यांसमोर उभा करायचा होता. बायोस एएचसीआयवर ठेवलं, विंडोज नीट सुरू झालं, शटडाउन केलं, मागची वायर काढली आणि दहा मिनिटं थांबलो. वायर लावून बटण दाबलं. निळा पडदा. बायोसमध्ये आयडीई, आणि तारीख कित्येक वर्षांपूर्वीची १ जानेवारी. ताई खुर्चीतून उठून जवळ आल्या आणि त्यांनी ती तारीख मोठ्याने वाचली.

सेल काढून मीटर लावला. १.८ व्होल्ट. नवा ३.२ दाखवत होता. तो बसवला, घड्याळ लावलं, एएचसीआय केलं, सेव्ह केलं.

"आता मी काढते," म्हणून ताईंनी स्वतः वायर ओढली. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या बंद मशीनसमोर बसून होतो. त्या वेळात त्यांनी विचारलं की बोर्डाचे हे पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत, मग एसएसडी वाया गेली का. मी सांगितलं, नाही. सलग वाचताना ती अर्ध्या वेगाने चालेल, पण हार्डडिस्कला प्रत्येक लहान फाइलसाठी हेड हलवून तबकडी फिरून यायची वाट पाहावी लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची. ती वाट पाहणं एसएसडीत नाही, आणि मशीन चपळ वाटतं ते त्यामुळे.

दहा मिनिटं झाल्यावर वायर लावून बटणही त्यांनीच दाबलं. विंडोजचा पडदा आला, घड्याळ बरोबर होतं.

ताईंनी वही घेतली, त्या दिवसाच्या तारखेखाली "सेल बदलला" एवढंच लिहिलं, आणि मला स्टिकर मागून तीच तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली.