सडपातळ लॅपटॉपचा मे महिना

दुकानात लॅपटॉप बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी तो एका हाताने उचलून बघतो. समोरचा मुलगा प्रोसेसर, रॅम, स्क्रीनची चमक असं सगळं घडाघडा सांगत असतो, आपण मानही डोलावतो. पण निकाल मनगटाने आधीच दिलेला असतो. माझ्या मनगटानेही दिला. वजन सव्वा किलोच्या आसपास, मिटल्यावर जाडी जेमतेम १५ मिलिमीटर, आणि खोक्यावर छापलेली ताकद अशी की घरातला जुना डेस्कटॉप लाजून कोपऱ्यात सरकावा.

या बारीकपणाच्या वेडाला साधारण जन्मतारीख आहे. जानेवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्स यांनी कार्यालयात वापरतात तसल्या साध्या लिफाफ्यातून ॲपलचा मॅकबुक एअर हा लॅपटॉप बाहेर काढला आणि सभागृह हरखलं. आज गंमत वाटते, कारण तो सगळ्यात जाड ठिकाणी १९ मिलिमीटरहून अधिक होता. आज त्याला कुणी सडपातळ म्हणणार नाही. लिफाफ्यात काय मावलं ते सगळ्यांनी बघितलं. काय बाहेर राहिलं, ते वापरणाऱ्यांना हळूहळू कळत गेलं: सीडी ड्राइव्ह नाही, नेटवर्कच्या वायरीची जागा नाही, यूएसबीचं भोक एकच. ती परंपरा पुढे सगळ्यांनीच निष्ठेने चालवली. माझ्या लॅपटॉपला दोन्ही बाजूंना मिळून एवढीशी तीन भोकं आहेत. प्रोजेक्टर, कॅमेऱ्याचं कार्ड आणि साधा पेन ड्राइव्ह यांच्यासाठी एक वेगळी डबी बाळगावी लागते. शिवाय चार्जर. म्हणजे लॅपटॉपने जे वजन उतरवलं ते पिशवीने उचललं. फरक इतकाच की दुकानात पिशवी कुणी तोलून बघत नाही.

पण खरा मामला उष्णतेचा आहे, आणि तो नागपुरात मे महिन्यात जितका स्वच्छ कळतो तितका कुठे कळत नसावा.

चिप जेवढी वीज खाते ती जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून कडेच्या बारीक पात्यांपर्यंत जाते आणि तिथला पंखा ती बाहेर फेकतो. लॅपटॉप पातळ, म्हणून पंखाही पातळ. तेवढीच हवा ढकलायची तर त्याला जास्त जोरात फिरावं लागतं आणि मग तो किंचाळतो. अनेक चिपांची सहनशक्ती १०० अंशांच्या आसपास संपते. तिथे पोचली की चिप स्वतःच आपला वेग उतरवते. वातानुकूलित खोलीत बाहेरची हवा २५ अंशांची असेल तर उष्णता बाहेर जायला ७५ अंशांची उतरण मिळते. आमच्याकडे दुपारी खोलीतच ४० च्या वर पारा असला, की त्या उतरणीतला निदान पाचवा हिस्सा काम सुरू होण्याआधीच गेलेला असतो.

एका दुपारी लग्नाच्या व्हिडिओची शेवटची फाइल काढायला लावली. पहिली दोन-तीन मिनिटं लॅपटॉप असा सुटला की वाटलं, चहा होईपर्यंत काम फत्ते. ‘९ मिनिटे शिल्लक’. मग पंखा चढला. कळफलकाच्या वरच्या पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चहा घेऊन आलो तर पडद्यावर ‘१४ मिनिटे शिल्लक’. काम पुढे चाललेलं आणि वेळ मागे! पहिल्या दोन षटकांत फलंदाजाच्या कानाजवळून चेंडू काढणारा आणि तिसऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा राहणारा वेगवान गोलंदाज असतो ना, तसं हे यंत्र. त्याचा वेग खोटा नसतो. स्पेल लहान असतो, एवढंच. आणि खोक्यावर छापलेला असतो तो पहिल्या षटकातला वेग.

(एक फायदा मात्र नोंदवतो: कूलरच्या घरघरीत पंख्याचं किंचाळणं ऐकू येत नाही.)

बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. २०१७ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने सडपातळ गेमिंग लॅपटॉपांसाठी ‘मॅक्स-क्यू’ नावाचा प्रकार आणला. चिप तीच, पण कमी विजेवर आणि कमी वेगात चालवलेली. नाव अवकाशयानाच्या शास्त्रातून उचललेलं: चढत्या रॉकेटवर हवेचा दाब सर्वाधिक असतो तो क्षण. नाव रॉकेटचं आणि काम लगाम घालायचं. जाहिरातवाल्यांना दाद द्यायला हवी. मला जास्त पटला तो २०२० मधला उपाय. ॲपलने एम१ चिपच्या एअरमधून पंखाच काढून टाकला, कारण चिप मुळातच इतकी कमी वीज खाते की रोजच्या कामात त्याची गरज पडत नाही. लांबलचक कामात तोही मंदावतो, पण निदान बोंबलत तरी नाही.

दुसरं दुखणं सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्याने दाखवलं. रॅम वाढवायची म्हणून गेलो होतो. त्याने खालचा पत्रा उघडला आणि माझ्याकडे वळवला. “भाऊ, हे बघा, रॅम बोर्डावरच सोल्डर आहे. वाढवाल कुठे?” जुन्या लॅपटॉपमध्ये दोन स्क्रू काढून जे काम मी घरी केलं होतं, त्याला इथे जागाच ठेवलेली नाही. मग चिमट्याने त्याने पात्यांवरून धूळ आणि कापसाचा एक राखाडी पापुद्रा अलगद सोलून काढला. पात्यांमधली फट एवढी बारीक, की एका उन्हाळ्यात बुजली. “जाड्यात बी जमते हे, पण जाडा सहन करते,” तो म्हणाला. तेवढ्या साफसफाईनेही पुष्कळ फरक पडला, हे खरं.

इतकं ऐकून वाटेल की मी हा लॅपटॉप विकायला काढलाय. छे! विदर्भ एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर, जिथे धड बसताही येत नाही, तिथे गुडघे उभे करून त्यावर हा ठेवला की मुंबई येईपर्यंत लेख होतो. चार्जर पिशवीतून बाहेरही काढावा लागत नाही. लिहिणं, वाचणं, हिशेब, फोटो बघणं: माझं बहुतेक काम पहिल्या षटकाचंच आहे. खांदा दुखत नाही, हे पन्नाशीत किती मोठं सुख आहे ते तिशीतल्या समीक्षकांना कळायचं नाही. फक्त तीन मिलिमीटर जाडी वाढवून मोठा पंखा आणि रॅमची एक खाच दिली असती, तर मी आनंदाने घेतला असता. तसं मागणारे आम्ही बहुधा थोडे असू.

भाची पुण्यात आर्किटेक्चरला आहे. तिला लॅपटॉप घ्यायचा होता तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, “तुला इमारतींच्या चित्रांचे रेंडर रात्रभर लावायचे असतात, जाडा घे. अडीच किलोचा असला तरी चालेल.”

“मामा, ती वीट घेऊन कॉलेजात कोण जातं?”

तिने सडपातळच घेतला. आता रेंडर कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या, धुळकट डेस्कटॉपवर लागतात आणि सकाळी तयार चित्रं लॅपटॉपवर घालून ती परीक्षकांच्या ज्युरीपुढे उभी राहते. परवा फोनवर सांगत होती, लॅबमधल्या त्या एका डेस्कटॉपसाठी आता नंबर लावावा लागतो. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या काखेत सडपातळ लॅपटॉप असतात म्हणे.